कंपनीचा मेसेज

नसरापुरात माझं मोबाईलचं दुकान आहे. दुकान म्हणजे नवऱ्याच्या टेम्पोच्या धंद्यासाठी घेतलेल्या गाळ्याचा पुढचा भाग. एक काउंटर, एक काचेचं कपाट, दोन स्टुलं. सुरुवातीला गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं न बघता आत डोकावायचं आणि विचारायचं, "कुणी माणूस न्हाई का दुकानात?" मी म्हणायची, "मग मी काय म्हैस हाय का? काय बिघडलंय ते दावा." माझी जीभ तेव्हा अशीच होती. आता थोडी बोथट झाली आहे, पण वयामुळं नाही. ती का बोथट झाली तेच सांगायला बसले आहे.

तेव्हा फोटो पाठवता येणारे फोन आमच्या भागात नवेनवे आले होते. आजच्यासारखं नव्हतं की बोट लावलं आणि गेला फोटो. आधी कंपनीकडून सेटिंग मागवायचं, ते सेव्ह करायचं, फोन बंद करून परत चालू करायचा, मग कुठं फोटो जायचा. गेला तर गेला. लोकांना ते जमायचं नाही आणि मला जमायचं. भोर तालुक्यातली, वेल्ह्यातली माणसं एसटीतून उतरून सरळ माझ्या काउंटरला यायची. "वहिनी, फोटो जाईना झालाय." मी फोन हातात घ्यायची, चार बटणं दाबायची आणि फोटो जायचा. माझी मान जरा ताठ व्हायला लागली होती हे कबूल करते.

माझं माहेर वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीत. वाडी खोलगट जागी आहे, तिथं कुठल्याच कंपनीची रेंज नव्हती. वर खिंडीत एका जुन्या उंबराखाली मात्र रेंज यायची, तीसुद्धा एकाच कंपनीची. मग वाडीनं काय केलं, ज्याच्या त्याच्या फोनला कापडाची पिशवी शिवली आणि पिशव्या उंबराला टांगल्या. सकाळी गवताला जाताना फोन टांगायचा, येताना काढायचा. दिवसभर तिथं कुणी ना कुणी गुरं घेऊन बसलेलं असायचंच. फोन वाजला की त्यानं उचलायचा आणि वरून हाळी द्यायची, "अमक्याच्या घरी सांगा, पुण्याचा फोन हाय." कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्या वाडीला कळायचं. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. दुपारी म्हशी घेऊन तिथं बसायचे ते बहुतेक आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील.

मला एकच बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. शिरवळला कारखान्यात कामाला जायची आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, पण आपल्यातला नव्हता. आण्णांनी सांगून टाकलं, "मला एकच लेक हाय." एकच, म्हणजे मी. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. आई आण्णांपुढं कधीच काही बोललेली मला आठवत नाही. पण ती चुलीपुढं बसली की पाट दोन घ्यायची, एक स्वतःला आणि एक शेजारी रिकामा. अक्का लहानपणापासून तिच्या शेजारी बसून भाकरी थापायची. पुढं पाच वर्षं तो पाट तसाच मांडला जायचा. आण्णांना तो दिसायचा की नाही कुणास ठाऊक.

अक्काला मुलगी झाल्याचं तिच्या कारखान्यातल्या एका बाईकडून मला कळलं. मी त्या बाईजवळ दुकानाचा नंबर दिला. आठ दिवसांनी अक्काचा फोन आला. चार वर्षांनी आवाज ऐकला. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघी नुसत्या रडलो. काउंटरपुढं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी हातानंच जा म्हटलं.

अक्का म्हणाली, "मला आईला भेटायचंय. पोरगी दावायचीय तिला."

मी म्हटलं, "आईला फोन कर की."

"केलता एकदा उंबरावरच्या फोनवर. आण्णांनी उचलला. माजा आवाज ऐकला आन ठेवला."

तेव्हा मला ती हुशारी सुचली. मला, दुसऱ्या कुणाला नाही. मी म्हटलं, आईला मी रंगीत पडद्याचा फोन घेऊन देते. तू फोटो पाठव, फोटोबरोबर तुझा आवाज पण जातो. आईला वाचता येत नाही, पण बघता येतं, ऐकता येतं. सकाळी फोन टांगायला तीच जाते, तेव्हा आण्णा तिथं नसतात. ती आपली एकटी बघेल.

अक्काला पटलं. पण ती हट्टी, तिची एक अट होती. "तू तिला आधी काय बी सांगू नगंस. तू सांगितलंस तर ती तुज्या भिडंनं येईल. तिनं फोटो बघावा, माजं ऐकावं, आन मनात आलं तर यावं. न्हाई आली तर मी समजंन. मग मी तुमच्या कुणाच्या वाटंला येणार न्हाई." मी म्हटलं, "येईल ग. फोटो पोचला की ती धावत येईल." अक्कानं परत विचारलं, "पोचंल का पण नक्की?" मला राग आला. अख्खा तालुका माझ्याकडून सेटिंग करून नेतो आणि माझी बहीण मला विचारते. मी म्हटलं, "पोचंल म्हणजे काय? मी सोता करून बघती आन तुला सांगती."

आणि मी करून बघितलं. आईला फोन नेऊन दिला. आम्ही दोघी खिंडीत उंबराखाली बसलो. मी दुकानात नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्यानं दुकानातल्या फोनवरून काउंटरवरच्या चहाच्या ग्लासाचा फोटो काढून पाठवला. जरा वेळ गेला आणि आईच्या हातात फोन थरथरला. मी बटण दाबलं. पडद्यावर चहाचा ग्लास आला. आई किती हसली त्या दिवशी. "आगं, ह्यो तर जावयाचा च्या हाय. गार होईल की तिकडं." तिनं तो फोटो वाडीतल्या चार बायकांना दाखवला. मी घरी येऊन अक्काला फोन केला, "पोचतंय. बिनधास्त पाठव."

दुकानातला फोन आणि आईचा फोन एकाच कंपनीचे होते. खिंडीत दुसऱ्या कंपनीची रेंजच नाही म्हटल्यावर आईला कार्ड तेच घ्यावं लागलं, आणि माझ्याकडं तेच होतं. अक्काचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. शिरवळला ते चांगलं चालायचं. हे मला माहीत होतं. तिचा नंबर मी रोज बघत होते. पण एका कंपनीचा फोटो दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जाईल का, हे करून बघायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. बोलणं जातं, साधा मेसेज जातो, मग फोटोला काय धाड भरलीय, असं मी धरून चालले. कपाटात त्या दुसऱ्या कंपनीची पन्नास कार्डं पडली होती. एक काढून घालायचं होतं फक्त.

आणखी एक गोष्ट मी त्याच दिवशी केली. आईला फोन शिकवताना मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या फोनवर कंपनीचे मेसेज येतील. गाणी लावा, ज्योतिष बघा, असलं सगळं. ते इंग्रजीत असतात. ते साठले की फोन भरतो आणि मग फोटो येत नाहीत. म्हणून इंग्रजी दिसलं की काढून टाकायचं."

"मला इंग्रजी कुटं कळतंय?"

"कळायला नको. नुसती वळवळ बारीक अक्षरं दिसली, चित्र नाही, की ते कंपनीचं. हे बटण, मग हे, मग परत हे. गेलं."

तिनं तीनदा करून दाखवलं. हुशार होती आई. शाळेत गेली असती तर माझ्यापेक्षा पुढं गेली असती असं मला नेहमी वाटतं.

अक्कानं फोटो पाठवला तो गुरुवारी. मला तिनं फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "धाडला. गेला म्हणून दावतंय." रविवारी मी आण्णांच्या गुडघ्याचं औषध घेऊन माहेरी गेले. आईच्या तोंडाकडं बघत होते, काही दिसतंय का म्हणून. आई आपली शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. आण्णा बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "आई, फोनवर काही आलं का ग?"

"काय न्हाई. कंपनीचा आलता एक, गुरवारी. इंग्रजीत. काढला म्या लगीच."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "शाब्बास."

आईला आनंद झाला. ती म्हणाली, "बघ, इसरले न्हाई." मी तिच्या पाठीवर थाप मारली. हे मला असं आठवतं की हाताला अजून तिच्या लुगड्याचं सूत लागतं.

मी घरी येऊन अक्काला फोन करणार होते, काहीतरी अडकलंय, परत पाठव म्हणून. दुकानात आले तर गर्दी, मग नवऱ्याचा टेम्पो चेलाडी फाट्याला बंद पडला, त्यात सोमवार गेला. मंगळवारी लावला तर तिचा फोन बंद. बुधवारी बंद. आठवडाभर बंद. मला काही कळेना. मग मला तिचा राग यायला लागला. एवढा आम्ही जीव काढला आणि हिनं ऐनवेळी माघार घेतली असं मी धरलं. फोटो पाठवलाच नसेल, मला उगीच सांगितलं असेल. नवऱ्यापुढं मी तिला नको नको ते बोलले. दगडाच्या काळजाची आहे, म्हणाले.

पाच-सहा महिने गेले. एके दिवशी आंबवड्याची एक बाई दुकानात आली. लेक इथं जवळच शिवऱ्याला दिली होती, तिच्याकडं आली होती. तिनं फोन पुढं केला. "माज्या लेकाचा फोटू यायचा हुता. फोटू न्हाई, ह्ये इंग्रजी कायतरी आलंय. बघा बरं."

मी वाचलं. मला जेवढं इंग्रजी येतं त्यात एवढं कळलं की तुम्हाला कुणीतरी फोटो पाठवला आहे, तो तुमच्या फोनवर येऊ शकत नाही, बघायचा असेल तर कॉम्प्युटरवर अमुक पत्त्यावर जा आणि हा आकडा टाका. तीन दिवसांच्या आत. मी त्या बाईला विचारलं, "मुलाचं कार्ड कुठल्या कंपनीचं?" ते दुसऱ्या कंपनीचं होतं.

रिचार्जचा माल घेऊन येणारा माणूस त्याच वेळी काउंटरला होता. तो म्हणाला, "व्हय, असंच असतंय. ह्या दोन कंपन्यांचं आपसात अजून जमलेलं न्हाई. फोटो मधीच थांबतो आन फोटोच्या बदली मेसेज येतो." इतकं सहज म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तुमी हे मला आधी का न्हाई सांगितलं?" तो म्हणाला, "तुमी इचारलं कुटं?"

त्या बाईला घेऊन मी जवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेले. पत्ता टाकला, आकडा टाकला. फोटो उघडला. तिचा मुलगा कुठल्याशा वसतिगृहाच्या दारात उभा होता, नवा शर्ट घालून. बाईनं पडद्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "वाळलाय जरा," म्हणाली. मी शेजारी खुर्चीत बसून बोटांवर मोजत होते, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वहिनी, पाणी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी शिरवळला गेले. खोलीचा पत्ता त्या कारखान्यातल्या बाईनं दिला. खोली रिकामी होती. घरमालकीण म्हणाली, "गेली की ती माणसं. त्याच्या गावाकडं गेली." गाव कुठलं ते तिला माहीत नव्हतं. नुसती 'लांब हाय' म्हणाली. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मुदत संपलेला फोटो परत मिळत नाही. मी तिला नको ते बोलले. तिचा काय दोष होता?

पुढच्या वर्षी मेहुणे स्वतःच दुकानात आले. मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. बारीक माणूस, दाढी वाढलेली. त्यांनी नाव सांगितलं आणि मी उठून उभी राहिले. म्हटलं, "अक्का कुठंय?" ते म्हणाले, "आठ दिवस झाले तिला जाऊन. कावीळ झाली हुती." मग म्हणाले, "तुमच्याकडं कळवायचं का न्हाई, ठरत नव्हतं माजं."

त्यांनी खिशातून अक्काचा फोन काढून काउंटरवर ठेवला. म्हणाले, "मला एवढंच इचारायचं हुतं, तुमच्यातलं एक माणूस येऊ शकलं न्हाई? आईला यायचं नव्हतं, ऱ्हाऊ दे. तुमी तरी यायचं. वेल्ह्याच्या स्टँडवर पोरीला घिऊन नवापासून बसली हुती. बारापत्तोर थांबती म्हणली हुती, चारच्या गाडीनं माघारी आली. मला म्हणली, फोटो पोचलाय, धाकटीनं सोता बघितलंय, तरी कुणी आलं न्हाई. घरी येऊन कार्ड काढून फेकलं तिनं."

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन कंपन्या, तो मेसेज, तीन दिवस. ते ऐकत होते, पण मला दिसत होतं की त्यांना ते काहीच कळत नाही. माणूस गेल्यावर असलं काय कळायचं? ते म्हणाले, "म्हंजे नुसत्या कार्डामुळं?" मी म्हटलं, "व्हय." आईनं मेसेज काढून टाकला ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी तो फोटो उघडून दाखवला, आवाज लावला. अक्काच्या मांडीवर सहा महिन्यांची मुलगी, डोळे थेट आईचे. आणि अक्काचा आवाज, घाबरल्यासारखा, घाईघाईत. "आई, ही बघ तुजी नात. सोमवारी मी वेल्ह्याच्या स्टँडवर येती, बारापत्तोर थांबती. तुला वाटलं तर ये. आण्णांना सांगू नगं. तुज्यासाठी पाट मांडून ठेवलाय म्या हितं, एकटीच बसती." मागं मुलगी काहीतरी आवाज करते आणि संपतं. तो फोटो मी माझ्या फोनमध्ये घेतला. मेहुण्यांनी चहा घेतला नाही. मुलगी त्यांच्या आईजवळ होती. मी पत्ता मागितला तर म्हणाले, "आता कशाला?" त्यांचा नंबर मी लिहून घेतला, तोही दोन महिन्यांत बंद झाला.

आईला अक्का गेल्याचं मी सांगितलं, मागं दीड वर्षाची मुलगी आहे तेही सांगितलं. ती ओरडली नाही, ऊर बडवला नाही. आण्णा उठून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आई चुलीकडं बघत म्हणाली, "पाच वर्सं झाली. एक फोटू धाडता आला न्हाई तिला? तुज्या दुकानातनं सारं जग फोटू धाडतंय. मी रोज सकाळी बघायची पिशवी काढून. म्हणायची, कधी तरी धाडंल. इसरली ती मला."

मी तोंड उघडलं होतं. विसरली नाही ग, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आई विचारणारच, मग कुठं गेला फोटो? आणि त्याचं उत्तर तिच्या अंगठ्यात आहे. तीन बटणं. माझी चूक कबूल करायची म्हटली तरी तिची सांगितल्याशिवाय ती सांगता येत नाही. आईला हे कळलं तर ती जगायची नाही. नाही सांगितलं तर लेक आपल्याला विसरली असं धरून जगेल. मी दोन्हींतलं एक निवडलं आणि तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं एकच पाट होता.

नुसता फोटो तरी दाखवावा, आवाज बंद करून, असं शंभरदा मनात आलं. पण आईला पोरांचं वय बघून सांगता येतं. ती म्हणेल, सहा महिन्यांची हाय ही, म्हंजे तवाचा फोटू, मग तवाच का न्हाई आला? म्हणून नातीचं तोंडही तिनं अजून बघितलेलं नाही.

आण्णा गेल्यावर आईला मी नसरापूरला आणलं. आता कुठल्याही कंपनीवरून कुठल्याही कंपनीवर काहीही जातं. पोरं चालता चालता पाठवतात. मी ते बघते. बरं वाटायला पाहिजे, पण नाही वाटत. दिवाळीला नवऱ्यानं आईला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. ती तो घेऊन दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. फोन वाजला की चष्मा लावते, बारीक अक्षरं दिसली की दाबून धरते आणि काढून टाकते. गिऱ्हाईक कौतुक करतं, आजी, जमतं की तुम्हाला. आई म्हणते, "माज्या लेकीनं शिकवलंय. कंपनीचं आलं की ठेवायचं न्हाई. न्हाईतर आपल्या माणसाचा फोटू येत न्हाई." मग माझ्याकडं बघून विचारते, "व्हय ना ग?"

मी म्हणते, "व्हय आई."